कानकाठी

काठी द्यायची की नाही, यावरून सकाळी सातपासून घरात तीन पक्ष पडले होते, आणि पक्षांत वाटून घ्यायला माणसं होती पाच.

थोरल्याचा पक्ष देण्याचा. त्यानं पाणीखात्याला फोनवर शब्द देऊन टाकला होता. धाकट्याचा पक्ष न देण्याचा, पण तो चहागणिक बदलत होता. आईचा पक्ष एका शब्दाचा होता. "नको," ती म्हणायची आणि कपबशा विसळायला लागायची. का नको, ते सांगायची नाही. मधली कुठल्याच पक्षात नव्हती. ती शाळेत भूमिती शिकवायची. सिद्धता पुरी झाल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, ही सवय तिनं घरातही लावून घेतली होती, आणि आईच्या त्या 'नको'ची सिद्धता तिला काही केल्या सापडत नव्हती.

काठी म्हणजे बाबांची कानकाठी. चार फूट लांब, काळसर लाकडाची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. एका टोकाला पेल्यासारखी वाटी, ती कानाला लावायची. दुसरं टोक रस्त्याला, नळाला, झडपेला टेकवायचं. गाव निजलेलं असताना, भल्या पहाटे, बाबा ही काठी घेऊन निघायचे आणि जमिनीखाली कुठे नळ फुटलाय ते ऐकत फिरायचे. जिथे ऐकू येई तिथे निळ्या खडूनं फुली मारायचे. मागून खोदणारे गडी यायचे आणि फुलीवर कुदळ घालायचे. चौतीस वर्षं हेच काम. उद्या खात्याच्या नव्या पंपघराचं उद्घाटन होतं. तिथे काचेच्या कपाटात ही काठी राहणार होती, आणि खाली पितळी पाटी: बाबांचं नाव, आणि 'चौतीस वर्षांत एकही खड्डा वाया गेला नाही'.

"चार वाजता कुदळमामा येणार न्यायला," थोरला म्हणाला. "खात्यानं मुद्दाम त्यांनाच पाठवलंय. बाबांचे जुने गडी. आता त्या म्हाताऱ्या माणसाला दारातून रिकामं पाठवायचं का?"

"रिकामं कशाला? पाव देऊ की," धाकटा म्हणाला. त्याची बेकरी होती आणि तो कुठेही गेला की त्याच्या हातात ऊन पावांची पिशवी असायची.

"तुला प्रत्येक गोष्टीवर पावच सुचतो."

"तुला प्रत्येक गोष्टीवर पाटी सुचते, दादा."

"झालं का सुरू!" वहिनी म्हणाली. थोरल्याची बायको. या घरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती आणि भांडण कुठल्या वाक्यावर मोडायचं हे तिला नेमकं ठाऊक होतं. "आज बाबांचा वाढदिवस. वह्या वाचायच्या की नाही? दरवर्षी वाचतो. यंदा ते नाहीत म्हणून काय वह्या मुक्या झाल्या?"

मग वह्या निघाल्या. गळतीवह्या. बाबांचं काम आणि बाबांचा नाद यांचं जिथे लग्न लागलं ती ही जागा. खात्याच्या कागदांवर ते रस्ता, खोली, नळाचा घेर असं कोरडं लिहायचे. घरी आले की त्याच गळतीवर दोन ओळी जुळवायचे आणि वहीत उतरवायचे. अशा पाच वह्या. नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांची मात्र वही नव्हती. सगळे म्हणायचे, तेव्हा त्यांचा तो नाद सुटला असणार. त्याच वर्षांत त्यांना पत्र्याची भिरभिरी करायचा नवा नाद लागला होता. गच्चीच्या कठड्यावर अजून अकरा भिरभिरी होती आणि वाऱ्याची झुळूक आली की अकराही एकदम हसल्यासारखी फिरायची.

वाचायचं काम मधलीचं. तिनं पहिली वही उघडली.

"नळ फुटला चौकात, बोलतो हळूहळू,
म्हणे मला काढ बाहेर, नको कुणाला कळू."

"वा!" धाकटा ओरडला. "आता दादाची वाच, दादाची."

"माझी नको."

"तुझीच."

मधलीला पान शोधावं लागलं नाही. वहीच तिथे उघडायची, इतक्या वेळा उघडलेली.

"थोरला लावतो काठी, कपाळाला घालून आठी,
म्हणे 'पाणी आहे इथे', उभा विहिरीच्या काठी."

वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. "अजूनही तस्सेच आहेत हो! परवा पूल बघायला गेले आणि घरी येऊन मला म्हणाले, खाली नदी आहे."

"मी तिची खोली सांगत होतो," थोरला म्हणाला, पण त्यालाही हसू आवरेना. मग सूड घ्यायला त्यानं वही ओढली आणि खड्या आवाजात धाकट्याची वाचली.

"साऱ्या गावाच्या गळत्या, बुजवल्या मी घाईघाई,
धाकट्याच्या अंथरुणाची, काही केल्या बुजत नाही."

"पुरे!" धाकटा पिशवीआड तोंड लपवत म्हणाला. "चाळिशी आली माझी. ताई, तुझी वाच. तुझी तेवढी गोड लिहिलीय. लाडकी ना."

मधलीनं स्वतःची वाचली नाही. ती आईनं म्हटली, पाठ, कपबशी पुसता पुसता. मधली जन्मली त्या पहाटेची.

"आज दवाखान्यापाशी, सापडल्या गळत्या दोन,
एक लोखंडी नळाची, दुसरी रडते ती कोण?"

"काठी हातात घेऊनच आले होते खाटेपाशी," आई म्हणाली. "चिखलाचे पाय. परिचारिका ओरडली. तर म्हणतात कसे, 'बाई, सरका जरा, हिचा आवाज बघू द्या, नळ नवा आहे.'"

घर पुन्हा हसलं. आणि त्या हसण्यात मधलीनं पाहिलं की आईची नजर कोपऱ्यात उभ्या काठीवर गेली आणि तिथेच राहिली. हसू ओठांवर होतं, पण डोळे कुठे तरी जाऊन आले.

"एक मात्र खरं," थोरला म्हणाला, "कान गेले ते निवृत्तीनंतर गेले. नाहीतर काय झालं असतं, कल्पना करा. ते यंत्र कानात घालून फिरायचे तेव्हा मला वाटायचं, नशीबच म्हणायचं, कानांनी नोकरीपुरती साथ दिली."

आईच्या हातातली बशी फळीवर जरा जोरात आपटली.

"फुटली?" वहिनीनं विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

*

दुपारी दुसरंच निघालं. गेले आठ दिवस घरात कुठे तरी पाणी मुरत होतं. सगळे नळ बंद केले तरी मीटर फिरायचा आणि मागच्या खोलीची भिंत घोट्याइतकी ओली झाली होती. प्लंबरनं येऊन एक फरशी न्हाणीघरात फोडली, एक मोरीपाशी फोडली, आणि "खाली कोरडं आहे" असं सांगून चहा पिऊन गेला. गळत्या शोधण्यात ज्याची हयात गेली त्याच्याच घरात गळती सापडेना, याची गल्लीभर चेष्टा झाली होती.

थोरल्यानं आज छिन्नी-हातोडा काढला. "पाणी उताराला जातं. घराचा उतार मागे. म्हणजे गळती मागच्या पायरीखाली. साधा हिशोब आहे."

"पायरीखाली?" मधली दचकली.

त्या पायरीवर तीन पंजे होते. बाबांनी पायरी स्वतः घातली होती आणि सिमेंट ओलं असताना तिघांचे हात धरून उमटवले होते. थोरल्याचा पंजा सरळ, बोटं मिटलेली, शपथ घेतल्यासारखा. मधलीचा बोटं फाकलेला. धाकट्याचा म्हणजे नुसता खड्डा, कारण त्यानं मूठच उघडली नव्हती.

"दादा, पंजे फुटतील," धाकटा म्हणाला. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

"मला काय आनंद होतोय का? भिंत पडेपर्यंत थांबायचं? बाबांनीसुद्धा हेच केलं असतं." थोरला पायरीवर वाकला. छिन्नी त्यानं पंजांच्या बरोबर मधोमध टेकवली. मग जरा बाजूला घेतली. मग आणखी जरा. हातोडा उचलला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"तिथे नाही."

आई दारात उभी होती. तिच्या हातात कानकाठी होती.

"तिथे नाही," ती पुन्हा म्हणाली. "सगळे नळ बंद करा. पंखा बंद करा. सूनबाई, भाजीखालचा गॅस. आणि तुम्ही दोघं श्वाससुद्धा जरा बेतानं घ्या."

आईचा हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. तिनं काठी पायरीला टेकवली, वाटी उजव्या कानाला लावली, डावा कान तळहातानं झाकला आणि डोळे मिटले. काठी उचलली. दोन पावलं आत. पुन्हा टेकवली. मधलीला ती चाल ओळखीची वाटली. दर दोन पावलांना थांबायचं, टाच आधी टेकवायची, काठी अलगद सोडायची. बाबाच चालत होते. फक्त आईच्या चपलांत.

ओली भिंत मागे राहिली. आई उलटी पुढच्या दाराकडे निघाली, उताराच्या वरच्या अंगाला. बोळात चपलांची मांडणी होती. "ही सरकवा." धाकट्यानं सरकवली. आईनं काठी लावली. बराच वेळ उभी राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की जणू खालून कोणीतरी तिची चौकशी केली होती.

"पाणी दिसतं खाली, फुटतं वर," ती म्हणाली. "खडू."

मधलीनं फळीवरच्या डब्यातून निळा खडू आणून दिला. आईनं फुली मारली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून ती मांडणीच्या कडेवर बसली, शाळेतून उशिरा घरी आलेल्या मुलीसारखी.

"आई," थोरला म्हणाला, "हे तुला कधी आलं?"

"सहा वर्षं केलंय."

आणि तिनं सांगितलं. निवृत्तीला सहा वर्षं होती तेव्हाच त्यांचे कान गेले. आधी डावा, मग वर्षाच्या आत उजवा. या कामाआधीची वर्षं पंपांच्या गडगडाटात काढली होती, त्यानं खाल्ले असावेत. एका पहाटे ते काठी घेऊन निघाले आणि तासाभरात परत आले. पायरीवर बसले. म्हणाले, रस्ता मुका झाला. दुसऱ्या दिवशी तिनं चपला घातल्या आणि म्हणाली, चला, मीही येते, पाय मोकळे होतील.

"ती तुमची फिरायला जायची वर्षं?" वहिनीनं तोंडावर हात ठेवला. "आम्ही चिडवायचो की हो तुम्हाला! या वयात पहाटे हातात हात घालून..."

"हातात हात हवाच होता. मी काठी लावायची. हात एकदा दाबला की पुढे चला. दोनदा दाबला की इथे. मग ते फुली मारायचे. गडी मागून यायचे, त्यांना फुली तेवढी दिसायची."

"म्हणजे वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हाची ती मोठी गळती..." धाकटा म्हणाला.

"तीन वेळा हात दाबला होता त्या दिवशी. फारच मोठी होती."

धाकटा हसत सुटला. थोरला हसला नाही. तो छिन्नी हातात धरूनच खाली बसला. "मग पाटी?"

"म्हणून तर नको म्हणते सकाळपासून," आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज पातळ झाला. "सहा वर्षं मी कोणाला कळू दिलं नाही रे. तुम्हालासुद्धा नाही. कानकाठीवाले म्हणून त्यांचा मान होता, तो शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत ठेवला. आता सांगावं तर त्यांचं नाव उणं होणार. न सांगावं तर त्यांची काठी अर्ध्या खोट्यावर कपाटात उभी राहणार, आणि खोटं त्यांना एका ओळीतसुद्धा चालायचं नाही. म्हणून म्हटलं, काठी घरातच असू दे. कोणी विचारणार नाही, कोणाला सांगावं लागणार नाही." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "त्या प्लंबरला दोन फरशा फोडू दिल्या मी. काठी हातात घेतली असती तर तुम्ही विचारलं असतं. पण पंजे फोडायला निघाल्यावर काय करू?"

"सांगूया की उद्या सरळ," धाकटा म्हणाला. "अभिमानाची गोष्ट आहे."

"भर सभेत? कान गेलेला माणूस गळत्या शोधत होता म्हणून?" थोरला तडकला. "हसतील लोक."

"हसले तर हसले. तूच पाटीसाठी..."

"मी बाबांसाठी..."

"दोघं गप्प बसा," मधली म्हणाली. तिला सिद्धता मिळाली होती, पण उत्तर कुठे लिहायचं ते कळत नव्हतं. तिला गच्चीवरची भिरभिरी दिसत होती. वारा ऐकू येईना तेव्हा बाबांनी तो दिसेल असा करून घेतला होता, आणि पोरांना वाटलं होतं, नवा नाद.

तेवढ्यात दारावर थाप पडली. चाराला दहा कमी होते.

*

कुदळमामा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, दार भरून टाकणारा माणूस. खांद्याला कापडी पिशवी. नोकरी सुटून वर्षं झाली तरी हाताचे घट्टे गेले नव्हते.

"कसं काय मंडळी! कोणाचा चेहराच दिसत नाही, नुसत्या भुवया दिसताहेत."

"या मामा, बसा," थोरला घाईनं पुढे झाला, म्हणजे जमिनीकडे त्यांची नजर जाऊ नये. "चहा घ्या. पाव घ्या."

"पाव घ्या, पाव," धाकट्यानंही री ओढली. आयुष्यात पहिल्यांदा दोघे भाऊ पावावर एकमत झाले.

पण कुदळमामांनी आयुष्यभर एकच खूण शोधली होती. त्यांची नजर सरळ चपलांच्या मांडणीमागे गेली. निळी फुली. ते जागच्या जागी थांबले. पिशवी अलगद खाली ठेवली, बाह्या सारल्या.

"पहार आहे का घरात?"

"मामा, ते असंच... मुलांनी..." मधली म्हणाली.

"मुलांनी?" कुदळमामा हसले. "पोरी, ही फुली मला ओळखू येत नाही होय? भाऊंचा, तुझ्या बाबांचा हात असता तर एक शेपूट लांब गेलं असतं. ही बाईंची. जागाही बाईंची, फुलीही बाईंची." आणि आईकडे वळून, काम सुरू करण्याआधी मुकादमाला विचारावं तसं अदबीनं म्हणाले, "किती खोल, बाई?"

आई हळूच म्हणाली, "हातभर."

पहार आली. फरशी उठली. हातभर माती निघाली आणि खालून पाणी असं उसळलं की धाकट्याच्या विजारीचा पुढचा भाग चिंब झाला.

"धाकट्याची गळती!" वहिनी ओरडली, आणि मग कोणाला कोणाचं भान राहिलं नाही. थोरला चिखलात बसून लहान मुलासारखा खिदळत होता. मुख्य झडप बंद करायला सांगून सांगून कुदळमामांचा घसा बसला.

पाणी थांबलं तेव्हा आईनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं, भाऊजी?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही सात गडी. पहिल्याच आठवड्यात कळलं. रस्त्यावर पाण्याचा टँकर भोंगा वाजवत मागून आला, भाऊ हलले नाहीत. तुम्ही त्यांना बाजूला ओढलंत."

"आणि कोणी बोललं नाही?"

"बोलायचं काय? फुली बरोबर, खड्डा बरोबर, पाणी बरोबर." त्यांनी हात पुसले आणि पिशवीतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची. सहावी. "ही भाऊंनी निवृत्तीच्या दिवशी माझ्याकडे दिली. म्हणाले, घरात ठेवली तर ती वाचेल. काल ती पितळी पाटी पाहिली, त्यावर एकट्या भाऊंचं नाव. मला रात्रभर बरं वाटेना. म्हटलं, काठी न्यायला जायचं तर वही घेऊनच जायचं."

आईनं वही मधलीच्या हातात दिली. "तूच वाच. माझा चष्मा..." चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

मधली वाचू लागली.

"माझा कान निजला आता, जागा राही तिचा कान,
ती ऐके, मी मारी फुली, गाव मला देई मान."

पुढचं पान.

"आज सांगितले गड्यांना, लाज गेली, हलका झालो,
म्हणती 'भाऊ, ठाऊक होते', मीच जरा उशिरा आलो."

आणि त्याखाली, दुसऱ्या शाईत:

"तिला वाटे ठेवते ती, झाकून माझे उणेपण,
राहू द्या तिचे ते सुख, काढू नका ते झाकण."

आई रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्ही कामं ती एकाच हाताच्या पाठीनं पुसत होती.

"लबाड माणूस," ती म्हणाली. "सहा वर्षं मी कोणाला सांगायचं नाही म्हणून जीव मुठीत धरला. आणि इकडे साऱ्या गावाला ठाऊक!"

थोरला उठला. चिखलाच्या हातानंच त्यानं खिशातून फोन काढला. "पाटी खोटी नाही आई, अर्धी आहे. एकही खड्डा वाया गेला नाही, हे खरंच आहे. कोणामुळे, ते पुरं लिहायचं राहिलंय." मग फोनमध्ये त्याचा साहेबी आवाज लागला. "हो, आत्ताच. नाही, उद्या सकाळपर्यंत दुसरी बनवायची. दोन नावं. जागा नसेल तर अक्षरं बारीक करा, पण दोन. आणि कपाटात एक वहीसुद्धा राहील, उघडी. कुठलं पान, ते माझी बहीण सांगेल."

"सगळ्यांनी वाचलं तर?" मधलीनं आईला विचारलं.

आईनं काठी कुदळमामांच्या हातात ठेवली. "वाचू देत. त्यांनीच लिहून ठेवलंय. मी कोण झाकणारी?"

कुदळमामा काठी आणि पावांची पिशवी घेऊन गेले. धाकटा कोरडी विजार शोधत आत गेला. वहिनी मांडणीतल्या भिजलेल्या चपला उन्हात लावू लागली आणि त्यात थोरल्याची एक सापडत नव्हती, त्यावरून आत नवे दोन पक्ष पडले.

मधली आईशेजारी मागच्या पायरीवर बसली. गच्चीवर वारा सुटला होता, अकरा भिरभिरी एकदम फिरायला लागली. तिचा उजवा हात तिच्या लहानपणीच्या पंज्याजवळ टेकलेला होता. आईनं त्यावर आपला हात ठेवला आणि हलकेच, दोनदा दाबला.

मधलीनं खडू उचलला आणि पायरीवर, दोघींच्या मधोमध, छोटीशी निळी फुली मारली. शेपूट जरा लांब गेलं.